बोटीला ब्रेक नसतो

(बोईसर, १९८८ चा जानेवारी. कामगारांच्या बैठ्या खोल्यांमागे पत्र्याची शेड. झुंबर पहिली पाळी करून नुकताच आला आहे. त्याचे सासरे, सातपाटी बंदरावर मासेमारीची बोट चालवणारे भिका तांडेल, पोत्यावर बसून पान्हे पुसत आहेत. शेडमध्ये गाडी नाही.)

झुंबर : मामा, सकाळी हा डबा भरलेला होता.

भिका : होता ना. तळाला हाय अजून बोटभर.

झुंबर : एवढं ग्रीस गेलं कुठे?

भिका : लोखंडाला. आणखी कुठं जाणार? भाकरीला लावून नाय खाल्लं मी.

झुंबर : कुठल्या लोखंडाला?

भिका : त्या चार परातींसारख्या गोल वाट्या तुमी कारखान्यातल्या लेथवर घासून आणल्या ना, त्यांना. काय म्हणता त्यांना?

झुंबर : ड्रम.

भिका : ड्रम. रात्री उघडेच ठेवलेत तुमी गोणपाटावर. सकाळी बघतो तर तांबूस झाक आलेली. इथं खारा वारा हाय जावईबापू, तुमच्या नगरसारखा सुका नाय. मी पॉलिश पेपर मारला, पुसले, नि बसवायच्या आधी एकेकाला हात फिरवला वंगणाचा.

झुंबर : बाहेरून ना?

भिका : बाहेरून कशाला? बाहेरून रंग हाय. उघडं लोखंड आतून हाय. आतून लावलं.

झुंबर : आतून. चारही?

भिका : चारी. दोघांना घालायचं नि दोघांना उपाशी ठेवायचं, असं कुणी करतं का?

झुंबर : अरे देवा.

भिका : का? कमी पडलं?

झुंबर : मामा, सुगंधा कुठे आहे?

भिका : गेली.

झुंबर : गाडी घेऊन?

भिका : तुमीच सांगून गेलात ना, चाकं लावून झाली का गाडी फिरवून आण म्हणून.

झुंबर : मैदानावर म्हणालो होतो! समोरच्या मैदानावर!

भिका : मारल्या की तिनं मैदानात दोन फेऱ्या. मग म्हणाली, बाबा, शर्यत हाय घाटात, मैदानात फिरवून काय कळणार? नि शर्यतीची गाडी घाटातल्या वाघोबा देवाला दाखवल्याशिवाय न्यायची नाय. नारळ घेतला नि गेली. मी म्हटलं, बरोबर हाय पोरीचं.

झुंबर : वाघोबाच्या घाटात गेली? ब्रेक नसलेली गाडी घेऊन?

भिका : ब्रेक हाय की. मी माझ्या हातानं नट आवळलेत.

झुंबर : मामा, ब्रेक कशानं लागतो?

भिका : पायानं.

झुंबर : पाय दाबला की आत काय होतं?

भिका : ते मला ठावं नाय. तुमी सांगा. सावकाश सांगा, म्हणजे मला कळंल.

झुंबर : सावकाश सांगायची वेळ आहे का ही? ड्रम चाकाबरोबर फिरतो. आत चंद्रकोरीसारखे दोन तुकडे असतात, त्यांना लायनरची खरखरीत पट्टी चिकटवलेली. पाय दाबला की ते फाकतात आणि लायनर ड्रमला आतून घासतो. घासतो म्हणून चाक थांबतं.

भिका : घासतो म्हणून थांबतं.

झुंबर : हो.

भिका : म्हणजे तिथं घासायलाच पायजे.

झुंबर : तिथंच घासायला पाहिजे.

भिका : नि मी तिथंच... आमच्याकडं जिथं घासतं तिथं वंगण. जन्मभर तेच केलं हो. हात आपोआप जातो.

झुंबर : बोटीला ब्रेक असतो का, मामा?

भिका : नाय. बोटीला ब्रेक नसतो.

झुंबर : चला. उठा.

भिका : थांबा. मैदानात गाडी थांबत होती, मी डोळ्यानं बघितली.

झुंबर : गार असताना थोडीफार थांबते. उतारावर दाबत राहिलं की ड्रम तापतो, ग्रीस पातळ होतं, सगळीकडे पसरतं. मग काहीच नाही. आणि ब्रेक कमी लागला तरी ती घाबरणार नाही. का माहीत आहे? मीच सांगून ठेवलंय. नवीन लायनर बसेपर्यंत ब्रेक कमी लागतो, घाबरू नको, चालवत राहा. माझ्याच तोंडानं सांगितलंय.

भिका : नि तो हाताचा ब्रेक? वर ओढायचा?

झुंबर : तोही मागच्याच ड्रमवर. तोही तुमच्याच...

भिका : बोला. माझ्याच वंगणात.

झुंबर : शेजारच्या पुंडलिकची स्कूटर घेतो. चावी त्याच्या खिडकीत असते. ती दोरी कशाला उचलताय?

भिका : दोरी घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाय. फोन तरी करा कुणाला.

झुंबर : कुणाला करू? वाघोबाला?

भिका : त्याला नको. त्याला न सांगता कळतं.

* * *

झुंबर : नीट धरून बसा. ती निघून किती वेळ झाला?

भिका : मी भात खाऊन हात धुतला, ती निघाली. मग पान्हे पुसायला घेतले.

झुंबर : किती पुसून झाले होते?

भिका : निम्मे.

झुंबर : म्हणजे पालघर गाठलं असणार तिनं. त्या गाडीला काय वेळ लागतो.

भिका : दात खाऊ नका जावईबापू, मागं ऐकू येतं मला.

झुंबर : हा ट्रक बाजूला होईना. उमरोळीपासून पुढंच आहे.

भिका : त्याच्या बगलेतनं घुसू नका. एक पोर घाटात हाय, दुसरं इथं नको.

झुंबर : मामा, अजून एक गोष्ट आहे. तुम्हाला सांगितली नव्हती.

भिका : सांगा.

झुंबर : दुसरा गिअर उतारावर उडतो.

भिका : उडतो म्हणजे?

झुंबर : आपोआप सुटतो. गिअरमध्ये असली की इंजिन गाडीला मागं ओढून धरतं. सुटला की गाडी मोकळी पळते.

भिका : पोरीला ठावं हाय?

झुंबर : आहे. ती दांडा हातानं दाबून धरते.

भिका : मग स्टेरिंग एका हातावर.

झुंबर : हो.

भिका : नि हे तुमी दुरुस्त नाय केलंत?

झुंबर : शर्यत चढणीची आहे, मामा! खालून वर जायची. मी सगळं चढायचं बघत बसलो. दोन कार्बोरेटर बसवले, हेड तासून घेतलं, सायलेन्सर मोकळा केला. वर गेलेली गाडी कधीतरी खाली येणार, हे डोक्यातच आलं नाही.

भिका : म्हणजे पळायची सोय तुमी केली नि थांबायची मी घालवली.

झुंबर : तुम्हाला बोललो नाही मी.

भिका : तुमी नाय, मीच बोललो. ट्रक गेला बघा, आता काढा पुढं.

झुंबर : तुम्ही घरी आलात त्या दिवशी सुगंधा रात्री झोपली नव्हती. बाबा आले, बाबा आले, एवढंच.

भिका : भांडायला आलो होतो मी.

झुंबर : काय?

भिका : लग्नापासून तुमच्या दारात पाय नाय ठेवला. घाटी जावई केला पोरीनं, म्हणून. मग बंदरावर कुणीतरी बोललं, भिका, तुझी सुगंधा मोटारीच्या शर्यतीत उतरणार. म्हटलं, आता जातोच, नि त्या घाट्याची खरडपट्टी काढतो.

झुंबर : पण भांडला नाहीत.

भिका : तुमी त्याच वेळी इंजिन चालू केलंत. मी दारातच उभा राहून ऐकलं. इतकं नीट लावलेलं इंजिन, त्याच्याशी काय भांडायचं? मग वाटलं, आपण पण हातभार लावावा काय तरी.

झुंबर : मामा...

भिका : समोर बघा. फाटक पडलं.

* * *

झुंबर : आत्ताच पडायचं होतं याला! सिग्नल तरी दिसतोय का? मालगाडी आहे. संपणारच नाही ती.

भिका : खाली उतरा. पाय मोकळे करा.

झुंबर : मला पाय मोकळे नाही करायचे.

भिका : मग हात सोडा त्या क्लचवरचा. तार तुटंल, पुंडलिकला काय सांगाल? ऐका, एक सांगतो.

झुंबर : आत्ता गोष्ट नको, मामा.

भिका : ही मालगाडी जाईपर्यंत दुसरं काय करणार तुमी? हाकणार तिला? ऐका. सुगंधा एवढीशी होती, माझ्या कमरेला लागत होती. बोट धक्क्याला लावायची म्हणून हट्ट धरला. दिला सुकाणू हातात. धाडकन आदळवली भिंतीवर.

झुंबर : मग?

भिका : मी ओरडलो नाय. पोरावर ओरडलं का त्याला आपला आवाज ध्यानात राहतो, काम नाय राहत. बोट परत बाहेर नेली. म्हटलं, आता परत आण. परत आदळली. परत बाहेर. मग विचारलं, तू काय करतेस? म्हणाली, मी थांबवते. म्हटलं, बोट थांबवता येत नाय बाय. लांबनंच इंजिन बंद कर. मग धक्का बघ, वारा बघ, पाणी कुठं ओढतं ते बघ. वेग मारायचा नाय, संपू द्यायचा. आपण फक्त तो कुठं संपंल ते ठरवायचं.

झुंबर : कळलं तिला?

भिका : अंधार पडेस्तोवर आणत होती. शेवटची अशी आणली, मधे अंडं ठेवलं असतं तर फुटलं नसतं.

झुंबर : ते पाणी होतं, मामा. पाण्यात वेग आपसूक मरतो. उतारावर तो वाढतच जातो.

भिका : हां. ते खरं.

झुंबर : मग ही गोष्ट कशाला सांगितलीत?

भिका : तुमच्यासाठी नाय सांगितली. पोर ते विसरली नसंल, असं माझं मलाच सांगत होतो.

झुंबर : गेली मालगाडी. बसा.

* * *

झुंबर : वाघोबाचं देऊळ. गाडी नाही इथे. मामा, गाडी नाही!

भिका : स्कूटर बंद करा. आवाज येतो का बघा तिचा. त्या मोकळ्या सायलेन्सरचा.

झुंबर : काहीच नाही. पाखरं सोडून काही नाही.

भिका : ती बाय बोरं घेऊन बसली हाय पायरीवर, तिला विचारू. तुमी बोलू नका, मी बोलतो. बाय, नाव काय तुझं?

ठकी : ठकी. बोरा हवीत?

भिका : बोरं घेतो मागनं. ठकीबाय, निळी मोटार आली होती इथं?

ठकी : आली ना. दणदण करत आली. बाई हाकत व्हती. नारळ फोडला, मना खोबरा दिला.

झुंबर : मग? मग कुठे गेली?

भिका : सावकाश, जावईबापू. ठकीबाय, मोटार आली तशी माघारी वळली का?

ठकी : नाय. इथं वळायला जागा कुठं हाय? पलीकडं उतरली, मनोरच्या अंगाला.

भिका : कशी उतरली? हळू का जोरात?

ठकी : आधी हळू. मग जोरात. मग भोंगा वाजवत. सारा वेळ भोंगा. खालच्या वळणावर गुरा व्हती, ती उधळली.

झुंबर : आणि आदळल्याचा आवाज? काही फुटल्याचा?

ठकी : नाय. दणदण एकदम बंद झाली. भोंगा पण बंद झाला. मग कायच नाय.

झुंबर : मामा.

भिका : ऐकलं. दणदण नि भोंगा एका वेळेला बंद. ठकीबाय, आधी एक नि मग दुसरा, असं नाय ना?

ठकी : एका वेळेला.

भिका : जावईबापू, चावी फिरवली का भोंगा बंद पडतो?

झुंबर : पडतो.

भिका : मग चावी कुणीतरी फिरवली. आपोआप फिरत नाय ती.

झुंबर : किंवा सगळी वायरिंगच...

भिका : ते तोंडातनं काढू नका. किक मारा.

* * *

भिका : हळू घ्या. रस्त्यावर काळे पट्टे दिसतात का टायरचे?

झुंबर : पट्टे कुठून येणार? चाकं अडली तर पट्टे.

भिका : खरंच. विसरलो. दरीच्या बाजूचा दगड बघा, ढळलाय का कुठं?

झुंबर : नाही. या वळणावर नाही. याही नाही. मामा, मला पुढचं वळण बघवत नाही.

भिका : मग माझ्या डोळ्यांनी बघा. मी सांगतो. दगड जागेवर हाय. कठड्याला पण काय झालं नाय. आता उतार संपत आला. डावीकडं एक कच्ची वाट हाय, वर चढते, पाड्याकडं. खळं हाय. पेंढ्याची उडवी हाय. उडवीच्या मागं...

झुंबर : काय आहे?

भिका : निळं हाय काय तरी.

झुंबर : सुगंधा! सुगंधा!

सुगंधा : हळू या, हळू! इथे खडी आहे, घसराल. बाबा, तू पण आलास? स्कूटरवर?

झुंबर : लागलंय का तुला? कुठे लागलंय? हात दाखव.

सुगंधा : काही नाही लागलं. हे बघा दोन्ही हात.

भिका : बस खाली, पोरी. दगडाला टेक. पाणी पी.

सुगंधा : अहो, पेडल पायाखाली घट्ट होतं. तळाला गेलं नाही. पण गाडी ऐकेचना. शेवाळावर पाय ठेवावा तसं. आधी वाटलं, तुम्ही म्हणाला होतात तसं, नवीन आहे म्हणून. दुसऱ्या वळणाला कळलं की हे ते नव्हे.

झुंबर : दुसरा गिअर उडला?

सुगंधा : दोनदा. मग दांडा गुडघ्यानं दाबून धरला. वाटेत गुरं आली. भोंग्यावरचा हात काढला नाही मी. मग खाली ही वाट दिसली, वर चढणारी. मनात म्हटलं, हा धक्का. इथे संपवायचं. वळवली आणि चावी फिरवली.

भिका : लांबनंच?

सुगंधा : लांबनंच, बाबा. चढावर चढता चढता वेग संपला, आणि शेवटी उडवीला टेकली. अंडं फुटलं असतं, पण भिंत नसती पडली. ज्याची उडवी तो बुधा म्हणाला, पेंढाच आहे, परत रचू. मागची चाकं दगडांनी अडवून दिली त्यानंच.

झुंबर : बस, बस. बोलू नको आता.

सुगंधा : पण ब्रेक लागला का नाही? सगळं तर नवीन होतं.

झुंबर : लायनर मी नीट बसवले नव्हते.

भिका : पोरीसमोर खोटं नका बोलू, जावईबापू. माझी बाजू घेताय ते कळतं मला, पण गाडी उद्या परत ती चालवणार. तिला खरं ठावं पायजे. सुगंधा, ड्रमला आतून वंगण लावलं मी. तिथं लावायचं नसतं. त्यानं ब्रेक गेला.

सुगंधा : तू लावलंस?

भिका : मी.

सुगंधा : पण बाबा, डबा तर मी धरला होता. मागच्या दोघांना मीच लावलं.

झुंबर : तू?

सुगंधा : मला वाटलं लावायचंच असतं. आमच्याकडे जे फिरतं त्याला...

झुंबर : वंगण. माहीत आहे. सगळा रस्ता ऐकत आलोय.

भिका : हसा तुमी. हसलात ते बरं झालं.

सुगंधा : आज रात्री धुऊन टाकू पेट्रोलनं. रविवारपर्यंत होईल ना?

झुंबर : ड्रम धुता येतील. लायनर ग्रीस पितो. वरून धुतला तरी तापला की परत ओकतो. नवे मुंबईहून आणायचे, चिकटवायचे, परत बसवून बघायचे. नाही होणार.

सुगंधा : म्हणजे शर्यत गेली.

झुंबर : गेली.

सुगंधा : अहो, नाव दिलंय आपण. बायकांच्या गटात माझंच पहिलं नाव होतं. कितीदा मी त्या शेडमध्ये कंदील धरून उभी राहिलेय!

झुंबर : तसल्या लायनरवर तुला घाटात पाठवणार नाही मी. पुढच्या वर्षी परत शर्यत आहे. दुसरा गिअरही तोवर नीट करतो. आधी उतरायचं बघतो, मग चढायचं.

भिका : रडू दे तिला थोडं. वाईट वाटायलाच पायजे. जावईबापू, तुमी इकडं या.

झुंबर : काय झालं?

भिका : गाडी रात्रभर या चढावर राहणार. ब्रेक नाय, हाताचा ब्रेक नाय, नि तो दुसरा गिअर तुमचा भरवशाचा नाय. बुधाच्या दगडांवर सोडून जाणार? किनाऱ्याला लागली का पहिलं बांधायचं. ही घ्या दोरी. बंपरखालनं नीट जाड लोखंडाला घाला नि दुसरं टोक त्या झाडाला आणा.

झुंबर : अशी?

भिका : असं नाय. ही गाठ ओढली का सरकंल. सोडा. माझा हात बघा. वरून, खालून, आतनं. आता तुमी.

झुंबर : वरून, खालून...

भिका : घाई नको. परत.

झुंबर : वरून, खालून, आतून. बसली.

भिका : ओढून बघा.

झुंबर : नाही सरकत.

भिका : मग राहू द्या. उद्या ते ड्रम उघडले का मला बसवा समोर. कुठं घासायचं नि कुठं वंगण, सगळं पहिल्यापासनं सांगा. मला एकदा सांगून कळत नाय, मी परत परत विचारीन.